डावऱ्याचा उजवा पाय

९ मार्च

ताई,

फोनवर तू चिडतेस, मी चिडतो आणि दोघांपैकी एक जण फोन आपटतो. त्यात तुमच्या लॉन्ड्रीतला फोन मॅनेजरच्या टेबलावर, म्हणजे आपलं भांडण अख्ख्या क्लबाला फुकट ऐकायला मिळतं. म्हणून हे पत्र. राग आला तर फाड, पण उत्तर पाठव.

मास्तर इथे येऊन गेले. तुमचे कोचसाहेब, दुसरे कोण. आमच्या गोलकीपरला बघायला आले होते. तुमचा क्लब वरच्या लीगमधला, आमचा खालच्या. आमच्या पत्र्याच्या शेडखाली तो लांब कोट घालून बसलेला माणूस मला मैदानाच्या पलीकडूनही ओळखू आला. मी अर्थातच बाकावर होतो. सामना संपल्यावर ते कपडे बदलायच्या खोलीत आले आणि ओळीने सगळ्यांशी हात मिळवत निघाले. माझी पाळी आली तसा मी हात पुढे केला. ते माझ्या हातावरून सरळ पलीकडच्याकडे गेले. नऊ वर्षं मी या माणसासाठी डावीकडून धावलो, ताई. ओळख दाखवली असती तर काय झिजले असते? माझा हात तसाच हवेत. मग मी त्याच हाताने डोकं खाजवलं, कोणाला कळू नये म्हणून. सगळ्यांना कळलं.

आता पुढचं ऐक. परवा आमचा डावीकडचा पोरगा तापाने आडवा झाला आणि म्हाताऱ्याने नाइलाज म्हणून मला उतरवलं. म्हातारा म्हणजे आमचा कोच, त्याला तोंडावरसुद्धा म्हाताराच म्हणतात. मोसमभर मी पाण्याच्या बाटल्या राखत बसलेला, वय तेहेतीस, गुडघा हा असा. मला स्वतःचीच खात्री नव्हती. पण बॉल पायाशी आला आणि समोरच्या बॅकच्या जागी मला तो लांब कोट दिसायला लागला. दोन गोल मारले, तिसरा मारायला लावला. सामना संपल्यावर म्हातारा म्हणाला, 'हे इतके दिवस कुठे दडवून ठेवलं होतंस?'

पाय परत आलेत, ताई. पण रागाने आलेत, आणि ते मला फारसं बरं वाटत नाही.

डावऱ्या

१७ मार्च

डावऱ्या,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं आणि काकूंनाही वाचून दाखवलं. शेजारच्या मशीनवरच्या काकू, ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या. तू इथे असताना तुझे मोजे जोडीने सापडायचे ते त्यांच्या कृपेने. त्या म्हणाल्या, 'पोराला सांग, गुडघा जप.' पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत त्यांची, आताशा सगळ्यांना सगळं जपायलाच सांगतात.

मी तसलं काही सांगणार नाही. रागाने पाय चालत असतील तर रागाने चालव. तुझा गुडघा कोणामुळे गेला? सेमीफायनलच्या आधी 'काही होत नाही' म्हणून सुई टोचायला लावून तुला मैदानात ढकललं कोणी? तो गुडघा भोपळ्यासारखा फुगला तेव्हा पेपरवाल्यांना 'दुखणं गुडघ्यात नाही, डोक्यात आहे, तो टॅकलला घाबरतो' हे कोणी सांगितलं? तू मूग गिळून बसलास. मीही बसले, कारण मला रोज त्याच माणसाच्या क्लबात कामाला जायचं होतं.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर खाली लॉन्ड्रीत आले. इतक्या वर्षांत कधी पायरी उतरले नव्हते. हातात तुझे अकरा नंबरचे सगळे शर्ट. ते माझ्यासमोर टाकले आणि म्हणाले, 'हे पोतेऱ्याला घ्या.' मी तुझी कोण हे त्यांना चांगलं माहीत होतं, म्हणून तर शिपायाच्या हाती पाठवले नाहीत. आणि मी काय म्हटलं असेल? 'हो, सर.' भांडी घासताना, बसची वाट बघताना, कधीही ते 'हो, सर' आठवतं आणि माझे कान तापतात.

तेव्हा वेळेवर जेव, गुडघा शेक आणि राग टिकव. इकडे मास्तरांचं काही खरं नाही. हरून हरून आम्ही तळाला चाललोय. मी रोज त्यांचे चिखलाचे कपडे धुते आणि मनात म्हणते, अजून बुडा.

ताई

१४ एप्रिल

ताई,

शर्टांचं तू मला आत्ता सांगतेस?

ते पत्र वाचलं आणि जेवणावरून उठलो. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पेपरात वाचून कळलं. पेपर म्हणतो, म्हातारपणी याला पंख फुटले. तेव्हापासून एकही सामना गोलाशिवाय गेला नाही. लोक आता मी वॉर्म-अपला आलो तरी उभे राहतात. बेकरीवाला माझ्याकडून पैसे घ्यायला तयार नसतो, भांडून द्यावे लागतात. म्हातारा मला काल बाजूला घेऊन म्हणाला, 'समोरचा बॅक दर आठवड्याला बदलतो, पण तू एकाच माणसाला चुकवल्यासारखा खेळतोस. कोण आहे तो?' मी म्हटलं, 'एक ओळखीचे आहेत.'

आम्ही तिसऱ्या नंबरावर आलोय. मुद्द्याचं ऐक. तुमचा क्लब वरच्या लीगमध्ये खालून तिसरा राहिला आणि आम्ही इथे तिसरे राहिलो, तर मोसम संपल्यावर आपले दोन सामने होतील. एक आमच्या मैदानावर, एक तुमच्या. दोन्हींचे गोल मिळून ज्याचे जास्त तो वर, दुसरा खाली. मास्तरांना खाली उतरवायची याहून चांगली शिडी मला कोण देणार?

मी रोज सकाळी उठून तुमचाच निकाल बघतो. त्यांनी फार हरू नये आणि जिंकूही नये, बरोबर खालून तिसरं राहावं, असं मी कोणासाठी कधी मागितलं नव्हतं.

डावऱ्या

५ मे

डावऱ्या,

राहिले. बरोबर खालून तिसरे. तू एवढा घोकत होतास, आता घे.

इथे सगळ्यांचे चेहरे उतरलेत. मास्तर कॉरिडॉरमधून जाताना भिंतीशी बोलतात. खेळाडू मोजे मशीनच्या तोंडाशी फेकून जातात, मागे वळून बघत नाहीत. आणि तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. मॅनेजरने काल आम्हाला बोलावून सांगितलं की क्लब खाली गेला तर खर्च कापणार. लॉन्ड्री बंद करून कपडे बाहेर धुवायला देणार. काकूंनी तिथल्या तिथे पदराने खुर्ची पुसायला घेतली, काही सुचलं नाही की त्या पुसतात.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. बाकी काही अर्थ काढू नकोस.

ताई

८ मे

ताई,

अर्थ काढू नको म्हणतेस, मग काय करू? दोन दिवस नीट झोपलो नाही.

मी मास्तरांना बुडवायला निघालो होतो, होडीत तू बसली आहेस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आई गेल्यावर मला बूट कोणी घेऊन दिले? त्याच लॉन्ड्रीच्या पगारातून ना? हे बघ, मला सरळ सांग. गुडघ्याचं कारण तयारच आहे. सामन्याच्या दिवशी सकाळी लंगडत गेलो तर म्हातारा शिव्या देईल पण विश्वास ठेवेल. मी नसलो तर आमचं कठीण आहे, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तू फक्त हो म्हण.

डावऱ्या

१० मे

डावऱ्या,

खबरदार लंगडलास तर.

माझ्या पोटाची काळजी तुला कोणी करायला सांगितली? कपडे धुणाऱ्या बाईला काम मिळतं, जगात माणसं कपडे मळवायची थांबलेली नाहीत. मला त्या माणसाला मान खाली घालून जाताना बघायचंय. दोन वर्षं मी त्याचे रुमाल इस्त्री करतेय ते याच दिवसासाठी, असं समज.

आणि आता उपयोगाचं बोलते. तुझ्यासमोर आमचा रेडा असणार. राइट बॅक. तू गेल्यावर आलेला आहे, तू त्याला ओळखत नाहीस. अंगाने आडदांड, बॉलवर स्वतःला लोटून देतो, म्हणून सगळे रेडा म्हणतात. त्याची चड्डी मी मोसमभर धुतेय. गवताचा हिरवा डाग कायम एकाच कुल्ल्यावर, डाव्या. उजवी बाजू बघावी तर पांढरीशुभ्र. म्हणजे तो डावीकडेच, आतल्या बाजूला झोकून देतो. उजवीकडे पडायची त्याला सवयच नाही. तेव्हा तू बाहेरून जा, रेषेच्या कडेने. तुला तसंही तेच आवडतं. दर वेळी बाहेरून जा.

हे मी कोणाला विचारून सांगत नाही आणि कोणाला सांगणारही नाही. ही आग लावणं आहे, माहीत आहे मला. लाव.

ताई

१७ मे

ताई,

पेपरात आलं असेल. आम्ही आमच्याच मैदानावर एका गोलाने हरलो. तो गोल कसा झाला ते मात्र तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

मी बाहेरून गेलो. दर वेळी. आणि दर वेळी तुमचा रेडा रेषेकडे असा झोकून द्यायचा की बॉल त्याच्या पायात आणि मी जाहिरातीच्या फळीवर. पहिल्या दोन वेळा वाटलं, योगायोग. म्हातारा बाहेरून ओरडत होता, 'आत घे, गाढवा, आत घे.' मी त्याचं ऐकलं नाही. ताईने सांगितलंय म्हटल्यावर मी कोणाचं ऐकणार? पाचव्यांदा त्याने बॉल काढून घेतला, लांब मारला, आणि त्यावरच त्यांनी गोल केला. रेडा उठला तेव्हा मी त्याची चड्डी बघितली. हिरवीगार होती, उजवीकडे.

रात्रभर विचार केला आणि एकच उत्तर निघतं. नोकरी हवी होती तर तसं सांगायचं होतंस. मी विचारलं होतं, लंगडू का म्हणून. अक्षरशः हातात दिलं होतं तुझ्या. तेव्हा मोठ्या तोऱ्यात 'खबरदार' म्हणालीस आणि मागच्या दाराने मला खड्ड्यात घातलंस. सगळ्या गावासमोर मी वेड्यासारखा एकाच भिंतीवर डोकं आपटत होतो. मास्तर बाकावर बसून हसत होते. हो, हसत होते, मी बघितलं.

आता मला शर्टांच्या गोष्टीबद्दलही शंका येते. ती तरी खरी होती का?

पुढचा सामना शनिवारी तुमच्याकडे आहे. लॉन्ड्रीत मी येणार नाही.

अकरा नंबर

१९ मे

तुला काय म्हणून हाक मारायची ते कळत नाही, म्हणून मारत नाही.

शर्टांची गोष्ट खरी का, हे तू मला विचारलंस. मास्तरांनी तुला घाबरट म्हटलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं? मला आज तसंच वाटलं, फक्त यावेळी म्हणणारा घरचा आहे. मी माझी नोकरी पणाला लावून तुला रेड्याचं गुपित दिलं आणि तू म्हणतोस मागच्या दाराने. तू बाकावर बसत होतास तेव्हा लोकांचे टोमणे मी खाल्ले. 'काय गं, भाऊ आता दुकान टाकणार का?' सगळं हसून घेतलं. माझं तोंड पुन्हा बघू नकोस, आणि हरलास तरी माझ्याकडे रडत येऊ नकोस. हिरवा डाग डाव्याच बाजूला होता. माझे डोळे शाबूत आहेत.

इथे हे पत्र संपवून पाकिटात घातलं होतं. मग संध्याकाळी पाकीट फोडलं.

झालं असं. तुझ्यावर चिडून मी रेड्याची शनिवारची चड्डी ढिगातून ओढून काढली, पुन्हा बघायला. डाग डावीकडेच. मी तशीच उभी, दातओठ खात. काकूंनी विचारलं, 'काय बघतेस गं?' मी म्हटलं, 'काकू, ही डावी बाजू ना?' त्या चष्म्यावरून बघून म्हणाल्या, 'डावी कुठली, उजवी आहे ती. उलट्या चड्डीचं डावं-उजवं काय बघतेस?'

डावऱ्या, मी ती तिथल्या तिथे सरळ केली, डाग उजवीकडे. खेळाडू चड्डी काढतात ती उलटीच सोलून काढतात. त्यांचे नंबर आम्ही आतून टाचलेले असतात, म्हणून आम्ही ती सरळ करतही नाही. उलटी बघतो, उलटी धुतो, उलटी वाळवतो, इस्त्रीच्या वेळी काय ती सरळ होते, आणि तोवर डाग गेलेला असतो. वीस वर्षं मी डाग काढतेय. डाग खेळाडूच्या कोणत्या अंगाला होता हे बघायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

म्हणजे तो रेषेकडे पडतो. आतल्या बाजूला कधीच नाही. मी ढिगातल्या त्याच्या सगळ्या न धुतलेल्या चड्ड्या सरळ करून बघितल्या, डावी बाजू कोरी करकरीत आहे.

वरचं लिहिलेलं खोडत नाही. तू मला जे म्हणालास ते म्हणालास, त्याचं मी नंतर बघेन. पण शनिवारी आत घे.

ताई

२१ मे

ताई,

पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि आधी हसलो, मग माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटलं. आई लॉन्ड्रीत होती तेव्हा मीही त्या उलट्या चड्ड्यांच्या ढिगावर झोपायचो. मला तरी सुचायला हवं होतं. मी तुला जे लिहिलं ते परत घेता येत नाही. समोर आलो की काय बोलायचं ते बोल.

अडचण वेगळीच आहे. आत घ्यायचं म्हणजे बॉल उजव्या पायावर येणार, आणि माझा उजवा पाय बसमध्ये चढण्यापुरता. जन्मभर डावऱ्या म्हणून मिरवलो त्याचा हा प्रसाद. म्हाताऱ्याला सांगितलं, 'आत घेतो, पण उजव्याने मारायला शिकव.' तो म्हणाला, 'तेहेतिसाव्या वर्षी?' मग स्वतःच बॉलची पिशवी घेऊन आला. कालपासून आम्ही दोघंच मैदानावर आहोत. पहिले बॉल पार्किंगमध्ये गेले. एक म्हाताऱ्याच्या गाडीवर. आज संध्याकाळी काही गोलात गेले.

हे विसरलेलो नाही की जिंकलो तर तुझं काम जातं. तू पुन्हा एकदा विचार कर, असं लिहिणार होतो. पण तू पुन्हा 'खबरदार' म्हणशील, आणि खरं सांगू, मलाही आता थांबायचं नाही.

डावऱ्या

२४ मे

ताई,

तू वर आली नाहीस. मी स्टँडमध्ये शोधत होतो.

पहिल्यांदा बॉल आला तेव्हा मी बाहेर जातोय असं दाखवलं. रेडा रेषेकडे आडवा झाला, सवयीने. मी आत वळलो आणि मागे बघितलं तर तो गवतावर पसरलेला, माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या खिशात हात घातलाय. त्या वेळी उजव्याने मारला तो बारला लागला. दुसऱ्यांदा तेच केलं आणि बॉल मध्ये दिला, आमच्या नऊ नंबरने डोक्याने आत घातला. मग मास्तरांनी रेड्याला ओरडून ओरडून सांगितलं, 'आत सोडू नको.' बिचारा आत पडायला गेला आणि त्याला पडताच येईना. मी त्याच्या अंगावरून गेल्यासारखा गेलो. गोलकीपर माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिला, मी उजव्याने मारला. फार जोरात नव्हता. लोळत लोळत गेला, पण गेला.

दोन गोल. आम्ही वर, ते खाली.

मी दोन वर्षं ठरवून ठेवलं होतं मास्तरांसमोर उभा राहून काय बोलायचं. आंघोळ करतानासुद्धा पाठ केलं होतं. शिट्टी वाजली तसा सरळ त्यांच्या बाकाकडे गेलो. बाक रिकामा. शिट्टीच्या आधीच उठून गेले होते. त्यांच्या ऑफिसपर्यंत गेलो. आतून कडी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे होते आत. मी म्हटलं, 'दार उघडा, मास्तर, मीच आहे.' उघडलं नाही. नऊ वर्षांचं आणि त्यावर दोन वर्षांचं सगळं तोंडात घेऊन मी एका लाकडाच्या दारासमोर उभा. शेवटी दाराला लाथ घातली आणि निघालो. आमचे लोक मला खांद्यावर घेत होते आणि माझ्या तोंडाला चव नव्हती.

आता तुझं. तू इकडे ये. आमचा क्लब वर आला म्हणजे कामं निघतील, म्हातारा म्हणालाय. माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. सामान आणायला मी टेम्पो घेऊन येतो, तू फक्त दिवस सांग.

डावऱ्या

७ जून

डावऱ्या,

उत्तराला उशीर झाला. लॉन्ड्री आवरत होते.

मी वर आले नाही कारण मला खालूनच ऐकायचं होतं. आमच्या डोक्यावरच स्टँड आहे, लोक उड्या मारतात तेव्हा छताची धूळ पडते. मी मशीन बंद केलं. तुमचा पहिला गोल झाला तेव्हा वर एकदम शांत झालं. दुसऱ्या वेळी तर एवढं शांत झालं की मला पाइपातलं पाणी ऐकू आलं. मला कळलं, हा तुझा. थोड्या वेळाने मास्तर मागच्या कॉरिडॉरमधून गेले. मी दारात उभी होते. मान खाली, कोटाचं एक टोक फरशीवर लोळतंय, त्यांना पत्ता नाही. मी पोटभर बघून घेतलं. तुला चव लागली नसेल, मला लागली. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. मला मिळालं. त्या माणसाचं मला काडीइतकं वाईट वाटलेलं नाही आणि वाटणारही नाही. सोमवारी त्यांना काढलं, तेही मी आनंदाने ऐकलं.

आम्हाला बुधवारी काढलं.

माझं मला माहीतच होतं. पण काकूंना मॅनेजर म्हणाला, दोन वर्षं कमी पडतात, पेन्शन पूर्ण बसणार नाही, नियम आहे. काकूंनी पदर हातात घेतला आणि टेबल पुसत राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन मलाच धीर द्यायला लागल्या. 'तू तरुण आहेस, तुला मिळेल. आणि भावाला काही बोलू नकोस हं, तो त्याच्या कामाला आला होता.' वर म्हणाल्या, 'पण रेड्याची खोड त्याला कळली कशी गं? पेपरात सगळे तेच विचारतायत.'

मी गप्प बसू शकले असते, डावऱ्या. त्यांना काही संशय नव्हता. पण मला बसवेना. मी सांगितलं. डागाचं, पत्राचं, सगळं. आणि उलट्या चड्डीचंही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ते तर त्यांच्याच तोंडून निघालं होतं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. गेली दोन वर्षं आरशात मी तीच बघत होते. मग त्या पिशवी घेऊन निघून गेल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही बसस्टॉपपर्यंत वेगवेगळ्या चाललो.

मी माझी नोकरी पणाला लावली असं तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. त्यांचीही लावली, आणि त्यांना विचारलं नाही. समोर बसलेल्या असायच्या रोज. त्यांचं त्यात काही आहे हे माझ्या मनात एकदाही आलं नाही, कारण माझ्या मनात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

दहा दिवस काकूंचं काही कळलं नाही. आज दुपारी दार वाजलं. काकू. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या आणि सुनवायला लागल्या. मी कशी आहे, माझा भाऊ कसा आहे, आमच्या आईला त्यांनी अडीअडचणीला कशी मदत केली होती, मी आले तेव्हा मला साबणाचं मापसुद्धा कळत नव्हतं, आता या वयात त्यांनी कुठे जायचं. शेजारची दारं उघडली. मी ऐकून घेतलं. मध्ये त्यांना ठसका लागला तेव्हा पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, पेला माझ्या हातात दिला आणि पुन्हा सुरू झाल्या. एकही शब्द खोटा नव्हता.

शेवटी पाय दुखायला लागले असावेत. म्हणाल्या, 'उद्या परत येते. माझं अजून संपलेलं नाही.'

मी म्हटलं, 'या.'

तेव्हा टेम्पो आणू नकोस. मला उद्या घरी थांबायचंय.

ताई